दगड ठेवलेलं झाड

"दगड ठिवला का?" वाडीतली मावशी कोणालाही हेच विचारायची. पोरीचं लग्न ठरलं का, दवाखान्यात नंबर लावला का, बाजाराच्या जीपमध्ये जागा धरली का, सगळ्याला तिचा हा एकच प्रश्न.

आमची वाडी औंढ्याकडच्या डोंगरात आहे. वर चढलं की लांबवर सिद्धेश्वर धरणाचं पाणी दिसतं. दिवाळीच्या सुमाराला या डोंगरात सीताफळं येतात. झाडं कोणाचीच नाहीत, जंगलाची आहेत. पण फळांचे डोळे उघडलेलं, म्हणजे तोडायला आलेलं झाड जिला पहिल्यांदा दिसेल, तिने त्याच्या बेचक्यात एक दगड ठेवायचा. मग ते झाड तिचं. दोन दिवसांनी येऊन फळं तोडायची आणि जाताना आपल्याच हाताने दगड काढून टाकायचा. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही.

मी वसमतकडची, सपाट रानात हळदीच्या शेतात वाढलेली. लग्न होऊन आले त्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी एका झाडाची टोपलीभर फळं तोडली आणि आड येतो म्हणून बेचक्यातला दगड फेकून दिला. वळून बघते तर मागे मावशी उभी. तिने टोपली बघितली आणि म्हणाली, "तोडता बराबर येतं तुला. चल आता मालकिणीच्या घरी." मालकीण कोण हे विचारायचीही मला लाज वाटली. मान खाली घालून मागे चालत राहिले. ती स्वतःच्याच दारात थांबली. अर्धी फळं ठेवून घेतली, अर्धी माझ्या पदरात घातली.

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. रागावतात की थट्टा करतात ते घरी पोचेपर्यंत कळत नाही.

डोंगर चढायच्या आधी ती चपला काढून काखेत मारायची. कुठल्या घळीत धावड्याची झाडं आहेत, कुठे उन्हाळ्यातही ओल असते, हे तिला पायाने कळायचं. दरवर्षी ती एखादी नवी वाट धरायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची, आज फलाण्या खडकामागे जाऊन आले, तिकडं काहीच न्हाई. काहीच नसल्याचाही तिला आनंद असायचा.

उताराला तिचा जमिनीचा एक तुकडा होता. सासऱ्याने दगड वेचून केलेला, पण कागदावर जंगलाचा. नवरा गेल्यावर तिने एकटीने कसला. त्याच्या वरच्या अंगाला एक झरा आहे. मे महिन्यात त्या बाजूला दुसरं पाणी नाही, सगळी वाडी तिथेच भरते. झऱ्याच्या ओलीवर मावशी मिरच्या आणि वाल लावायची, म्हणून आम्ही त्याला तिचाच झरा म्हणायचो. जंगलाचा शिपाई दरवर्षी येऊन जमीन सोडा म्हणायचा. ती त्याला चहा द्यायची आणि विचारायची, "झाडं तुमची, मंग काटे तेवढे आमच्या पायात काहून, साहेब?"

पुढे अशा जमिनी कसणाऱ्याच्या नावावर होणार, पट्टा मिळणार, असं गावात आलं. मावशीला लेकरू नव्हतं, मागे एक पुतण्या. त्याने तेव्हाच ठरवलं होतं, पट्टा झाला की झऱ्यावर मोटार बसवायची, तारेचं कुंपण घालायचं आणि हळद लावायची. तो हे सगळ्यांना सांगायचा. मावशी ऐकायची आणि वाल सोलत बसायची.

पट्ट्यांच्या कामासाठी गावात समिती झाली, तिच्यात बायका पाहिजेत म्हणून मलाही घेतलं. मला चौथीपर्यंतचं लिहिता येत होतं, आणि मी मध्ये बोलत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

मोजणीच्या दिवशी पद्धत अशी होती की कसणाऱ्याने आपल्या हद्दीवरून चालायचं आणि मागून एकाने यंत्र धरून यायचं. तो चालेल तशी यंत्रात हद्दीची रेघ उमटणार. मावशीने चपला काखेत मारल्या आणि निघाली. मी वही घेऊन शेवटी. खालचा बांध झाला, बाजूचा झाला. वरच्या अंगाला आल्यावर ती मिरच्यांच्या वाफ्याच्या अलीकडूनच आत वळली आणि सरळ पलीकडे गेली. झरा बाहेर राहिला.

मला दिसलं. वहीवर पेन्सिल टेकलेली होती. मोजणीचे साहेब, गावातली माणसं, सगळे पुढे चालले होते. मीही वही मिटून त्यांच्या मागे निघाले.

नकाशा आला तेव्हा पुतण्याने डोक्याला हात लावला. "काकी, झरा भाईर राह्यला ना." ती म्हणाली, "व्हय का? वय झालं बाबा, ध्यानात न्हाई राह्यलं." मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुमी होत्या की मागं. काहून न्हाई सांगितलं?" मी पदर सावरत घरात गेले. म्हातारी चुकली आणि मी चुकू दिलं, असं वाडीत झालं. पुन्हा मोजणीसाठी अर्ज करायचा होता, त्यावर तिचा अंगठा लागणार होता. ती आज गुडघा दुखतो म्हणायची, उद्या सीताफळं होऊ दे म्हणायची.

दोन वर्षं ते माझ्या मनात राहिलं. एकदा झऱ्यावर आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी बोलले. म्हटलं, मावशी, मला दिसलं होतं. मी सांगायला पाहिजे होतं.

तिने घागर भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली.

"बरं झालं न्हाई बोललीस ते," ती म्हणाली. "मला वाटलं व्हतं, आता ही पोरगी तोंड उघडती."

घागर उचलून डोक्यावर घेता घेता ती म्हणाली, "पान्यावर कोनी दगड ठिवतं का?"

अर्जावर अंगठा लागलाच नाही. मागच्या सीताफळांच्या दिवसांत मावशी गेली. सकाळी डोंगरात जाऊन आली, दुपारी अंगणात टेकली ती उठली नाही.

पट्टा पुतण्याच्या नावावर झाला. त्याने कुंपण घातलं. तार मिरच्यांच्या वाफ्याच्या अलीकडूनच वळते, मावशी वळली होती तिथूनच. झऱ्यावर आम्ही पूर्वीसारख्याच जातो. पुतण्याची बायकोही कुंपणाचं फाटक उघडून, घागर घेऊन आमच्यात येते.

झऱ्याच्या वरच्या बाजूला एक सीताफळाचं झाड आहे. गेली त्या सकाळी मावशीने त्याच्या बेचक्यात दगड ठेवला होता. फळं पिकली, फुटली, पाखरांनी खाल्ली. कोणी तोडली नाहीत. यंदाही झाड भरलं आहे. बायका खालून बघतात आणि पुढच्या झाडाकडे जातात. दगड अजून तिथेच आहे.