अक्षर नसलेला ड्राइव्ह

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्तीला आलेल्या मशीनच्या आत काय काय निघतं ते ऐकलं तर माणूस जेवणावरून उठेल. झुरळांच्या लेंड्या, पालीची वाळकी अंडी, कीबोर्डच्या फटींत बसलेला गुटख्याचा लगदा. त्या घाणीची मला किळस येत नाही. ब्रश आणि स्पिरिट घेतलं की ती दहा मिनिटांत जाते.

दोन वर्षांपूर्वी धसईच्या पलीकडच्या एका गावातला फोटोवाला आपलं मशीन घेऊन आला. ओळखीचा माणूस. माझ्या भावाचं लग्न किन्हवलीला झालं तेव्हा फोटो त्यानेच काढले होते. मऊ बोलणारा, म्हाताऱ्या बायकांना 'आये' म्हणून स्वतः खुर्ची आणून देणारा. त्याचं अल्बम बनवायचं सॉफ्टवेअर जुनं होतं, नव्या विंडोजवर चालेना. म्हणून त्याला परत विंडोज सेव्हन टाकून हवी होती.

"आतलं सगलं उडवा ताई," तो म्हणाला. "माजा बॅकअप हाय. घरी दुसरी डिस्क हाय, तिच्यात सगलं घेतलंय."

"नक्की ना?"

"नक्की. काय ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेव्हनचा पेन ड्राइव्ह लावला. इन्स्टॉलेशन अर्ध्या वाटेत अडलं. या डिस्कवर इन्स्टॉल करता येणार नाही, असा निरोप आला. मला आश्चर्य वाटलं नाही. नव्या विंडोजसाठी डिस्कचे भाग नव्या पद्धतीने पाडले जातात, आणि त्या जुन्या मशीनवर सेव्हनला जुनीच पद्धत लागते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अख्खी डिस्क पुसायची आणि भाग नव्याने पाडायचे. कमांड एका शब्दाची आहे. ती मी टाइप केली, पण एंटर दाबला नाही.

त्याला कारण होतं. पूर्वी एका निवृत्त शिक्षिका बाईंनी मला असंच सांगितलं होतं, बॅकअप आहे. त्यांचा बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात होता. मी सगळं पुसलं, आणि बाई माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून रडल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक काहीही म्हणो, पुसण्याआधी मी डिस्क काढते, माझ्या मशीनला लावते आणि आत काय आहे ते एकदा बघून घेते.

फोटोवाल्याने सी आणि डी हे दोनच ड्राइव्ह सांगितले होते. माझ्या पडद्यावर आणखी एक मोठा भाग दिसला, ड्राइव्हचं अक्षर न दिलेला. अक्षर नसलं की तो भाग एरवी कुठे दिसतच नाही. त्या मशीनवर रोज बसणाऱ्या माणसालाही कळणार नाही की तो आहे. कधी कधी विंडोज बदलताना हे आपोआप होतं. मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो इथे अडकून राहिले असतील, आणि हा बिचारा विसरला असेल. मी त्या भागाला अक्षर दिलं आणि तो उघडला.

आत गावांच्या नावांचे फोल्डर होते, मुरबाडकडचे आणि शहापूरकडचे. किन्हवली दिसलं म्हणून मी तेच उघडलं.

ते लग्नाचे फोटो नव्हते. लग्नातून कापून काढलेले तुकडे होते. हळद धुऊन आलेली नवरी अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून काढलेली. जात्यावर वाकलेली बाई, पदर सरकलेला. पोराला पाजायला कोपऱ्यात बसलेली एक. बहुतेकींचे चेहरे कापून टाकले होते. खाली सरकता सरकता एका फोटोत हिरव्या साडीतली पाठ आणि कंबर दिसली. हातात वरणाची बादली, कोपरावर भाजल्याचा डाग. माझा डाग. पुऱ्या तळताना तेल उडालं होतं, त्याचा.

मी मोरीवर गेले आणि ओकले. तोंड धुतलं, परत येऊन बसले. माउसला हात लावावासा वाटेना. पहिली इच्छा झाली ती एंटर दाबायचीच. एका शब्दात सगळं गेलं असतं. मग त्याचं बोलणं आठवलं, घरी दुसरी डिस्क हाय, तिच्यात सगलं घेतलंय. माझ्याकडून तो फक्त इथली साफसफाई करून घेत होता.

मी वहिनीला फोन केला. दाराच्या फटीतली नवरी तीच होती. ती जीप पकडून तासाभरात आली. मी तिला तिचे स्वतःचे तेवढे फोटो दाखवले. ती पडद्याजवळ वाकली.

"त्या वक्ताला दार मी लावलं होतं गो," ती म्हणाली. "कडी नव्हती त्या दाराला."

दुपारी फोटोवाला मशीन न्यायला आला. वहिनीला बघून हसला, भाऊ कसा आहे विचारलं.

"तुमच्या डिस्कवर तिसरा भाग निघाला," मी म्हटलं. "अक्षर काढून ठेवलेला."

"मंग उडवायचा ना. तेच तर सांगितलं होतं मी."

"काय आहे त्यात?"

"जुना कचरा."

"त्या कचऱ्यात मी आहे. ही पण आहे."

त्याचा चेहरा पडला नाही, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "लग्नाला बोलवता, तवा फोटो काढायलाच बोलवता ना? आनि कपडे तर हायेत की सगल्यांच्या अंगावर."

मला त्याच्या त्या मऊ आवाजाची शिसारी आली. त्याच आवाजात तो माझ्या आईला 'आये' म्हणाला होता.

"तुजी दुसरी डिस्क कुठं हाय?" वहिनीने विचारलं.

तेव्हा मात्र त्याने मशीनकडे हात केला. मग म्हणाला, माझं मशीन माझ्या ताब्यात द्या. मी म्हटलं, मशीन घेऊन जा, डिस्क पोलीस ठाण्यात मिळेल. तो मशीन तिथेच टाकून निघून गेला.

संध्याकाळी भाऊ म्हणाला, कशाला वाढवता, नाव आपल्याच घराचं जाईल. वहिनीने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "उद्या आमी जाताव. येयाचं तर ये." तो आला नाही.

पोलीस ठाण्यात एका महिला हवालदाराने आमचं सगळं लिहून घेतलं. फोटो सापडले कसे, हे मला तीनदा सांगावं लागलं, कारण तिसरा भाग दिसतच नव्हता तर मला दिसला कसा, हे कुणाच्या ध्यानात येईना. शेवटी मी कागदावर चौकोन काढून त्याचे तीन भाग पाडून दाखवले. पंचनामा झाला. त्याच्या घरून दुसरी डिस्कही आणली, आणि ती कोरी निघाली. तिसरी होती का, ते त्यालाच माहीत.

केस अजून चालू आहे. त्याच्या स्टुडिओला कुलूप आहे. बाजारात तो मला दोनदा दिसला, भाजी घेताना. दोन्ही वेळा मी काही न घेता परत फिरले. हिरवी साडी मी कापून टाकली, मग स्वतःचाच राग आला. साडीने काय केलं होतं?

यंदा वहिनीच्या माहेरी तिच्या धाकट्या बहिणीची हळद होती. फोटोवाला नवा, मुरबाडचा. बायका हळद लावायला उठल्या तशी वहिनी त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, कॅमेरा दाखवा, आतापर्यंत काय काढलं ते. तो हसला. ती हसली नाही. तिच्यामागे तिची आई उभी राहिली, मग मावश्या, मग ओळीने सगळ्याच. हळदीचं ताट पाटावर तसंच राहिलं. त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला, आणि ती एकेक फोटो बघत गेली, सावकाश, शेवटच्या फोटोपर्यंत.