भिंतीवरची साखराबाई

गाव बुडवणारी धरणाची भिंत रोज साखराबाईच भिजवत होती. निजामाच्या राज्यात सिमिटचं बांधकाम तेव्हा नवलाचं. त्यात ही भिंत दोन डोंगरांमध्ये, पाण्याकडं पोट काढून सुपाच्या पाठीसारखी वळलेली. ताज्या सिमिटवर गोणपाटं पसरायची आणि महिनाभर ती वाळू द्यायची नाहीत, एवढंच तिचं काम.

गाव केव्हाच उठून माळावर गेलं. ती एकटी खाली राहिली. नवरा, सटवा, चार वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन गोदेच्या काठी, गंगथडीला गेला तो परतलाच नव्हता.

"नवं गाव त्यान्ला कसं गावंल?" समजवायला येईल त्याला ती एवढंच विचारायची.

एका संध्याकाळी कामावरून आली, तर चूल विझलेली. काडेपेटी तिनं कधी बाळगलीच नव्हती. सवयीनं गोवरी घेऊन ती शेजारच्या ताराबाईकडं विस्तव मागायला गेली. तिथं दारच नव्हतं. चौकट, आढं, सगळं माळावर नेलेलं. ती तशीच चढण चढली.

"साखरे, आलीस का रहायला?" ताराबाई म्हणाली.

"विस्तव न्यायला आले."

"येड्ये, वाटंतच इझंल की त्यो!"

विझलाच, नेमका भिंतीजवळ. राख झालेली गोवरी टाकून ती तिथंच बसली. समोर नदीकाठानं येणारी गंगथडीची वाट भिंतीशीच येऊन थांबत होती.

सकाळी तिनं मुकादम सुंदररावाला गाठलं. "काम सरल्यावर बी मला हितंच ठिवा. राखणीला."

"भिंत कोण चोरून नेतंय, बाई?"

"भिंतीसाठी न्हाई. हुडकत आलेला माणूस पाणी बघून माघारी जाईल. गाव कुठं गेलं ते सांगाया कुणी पायजे का नगं?"

सुंदररावाचं हसू विरलं. त्यानं सामानाची झोपडी तिला दिली, आणि आपल्या चुलीतले चार निखारेही.

महिना सरला, गोणपाटं निघाली. भिंत पक्की झाली, पाणी पुरे, असं मुकादमानं सांगितलं. पुढं तिचं घर बुडालं. तरी रोज सकाळी ती एक घागर भिंतीवर ओतायची. वाटेवर कुणी मेंढका दिसला, की त्यानं विचारायच्या आतच वरून सांगायची, "गाव माळावर गेलंय, बाबा. मी मातर हितंच हाय."