शहागंजातले सबुरीचे मामा

अख्ख्या शहागंजात घाई नसलेला एकच माणूस आहे आणि तो म्हणजे आमचे मामा. जिन्याखालच्या सहा फुटांत त्यांचं दुकान. टीव्ही, वॉशिंग मशीन, गाडीचे मीटर यांच्या मेमरी चिप ते दुरुस्त करतात. हत्यारं म्हणजे जुना लॅपटॉप, त्याला जोडलेला, चिप वाचणारा-लिहिणारा काडेपेटीएवढा प्रोग्रामर आणि चिपचे आठ पाय पकडणारा चिमटा. गिऱ्हाईक ओरडतं, "चाचा, पुराना उडाओ, नया डालो." मामा ढिम्म! चिपमधलं जुनं आधी वाचायचं, तेही तीनदा. तिन्ही वेळा तेच आलं की जपून ठेवायचं, मगच पुसायचं. पडेगावच्या एका सरांचा फ्रिज कधीच भंगारात गेला, पण त्याची मेमरी मामांच्या लॅपटॉपात सुखानं नांदतेय. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर तिलाही यांनी नाव तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती चिडली, तेव्हा मला म्हणाले, "आवाज वाढला, पण नाव जुळलं. करून टाक." बायकोनं त्यांना अजून माफ केलेलं नाही.

गेल्या साली कन्नडकडच्या एक बाई विहिरीच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर घेऊन आल्या. फोन लावला की मोटार चालू करायची आणि तसं फोनवर बोलून सांगायचं, हे त्या खोक्याचं काम. ते जळालं होतं. त्यातलं बोलणं बाईंच्या मालकांनी स्वतःच्या आवाजात भरलेलं, आणि मालक आता नव्हते. "पोरगं नवं घेतो म्हणतंय, दादा. पर यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाय," बाई म्हणाल्या.

मामांनी चिप वाचली. तिन्ही वेळा वेगळंच आलं. गंजलेले पाय खोडरबरानं घासताना एक पाय तुटला. केसाएवढी तार डागून ते पुन्हा वाचत बसले. पार दुपार कलल्यावर तिन्ही वाचनं जुळली. आवाज नव्या खोक्यात उतरवून त्यांनी बाईंना फोन लावायला सांगितलं. फोनातून मालकांचा आवाज आला, "चालू झाली मोटार. ये आता, जेवू." बाई म्हणाल्या, "लई घाईत बोललेत ओ," आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

उन्हाळ्यात विहीर आटली. बाईंचा फोन आला, "दादा, फोन लावला की मोटार कोरडी फिरती, जळून जाईल. नाय लावला तर करमत नाय." गल्लीतल्या लग्नालाही न जाणारे मामा दुसऱ्या दिवशी एसटीनं कन्नडला गेले. परतल्यावर मी विचारलं, काय दुरुस्त केलं?

"काय नाय," मामा म्हणाले. "मोटारीची वायर सोडवून आलो. आता तिनं कितीबी फोन लावावा. मोटार फिरत नाय, नुसता तो बोलतो."