एकटीनं लावलेला ट्रेलर

लोरेटा क्विग्लीची हार्लनला म्हणावी तशी ओळख नव्हतीच. दर उन्हाळ्यात यलोस्टोनच्या जंगलातल्या सुट्टीच्या तळावर तिचा ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, त्याच्या शेजारच्या जागेत लागायचा, एवढंच. ती मूळची कुठली, मर्लशी लग्न होण्याआधी काय करायची, त्यानं कधी विचारलं नाही. पण ती गेल्याचं कळलं तेव्हा पलीकडचा ड्वेन म्हणाला, "फार गोड बाई होती हो," आणि हार्लनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोड? ती बाई रागीट होती, आणि त्या रागाला कारण होतं.

मर्ल होता तोवर पिकअप तो चालवायचा. लोरेटा मागे उभी राहून हातवारे करायची. ट्रेलर झाडाला घासला की मर्ल खिडकीतून खेकसायचा, "डोळे फुटले का तुझे?" आजूबाजूची मंडळी खुर्च्या मांडून बघत बसायची. कोण ट्रेलर मागे कसा घेतो, हीच तळावरची संध्याकाळची करमणूक.

मर्ल गेल्यावर ती पहिल्यांदा एकटी आली. पिकअप मागे येऊ लागली, तसे खुर्च्यांतले पुरुष उठले.

"डावीकडं मारा, बाई, डावीकडं!"

"अहो, उजवीकडं! ट्रेलर उलटा वळतो!"

ड्वेन तर बीअरचा डबा घेऊन थेट दारापाशी आला. "उतरा खाली. मी लावून देतो. बायकांचं काम नाही हे."

लोरेटा उतरली. चेहरा लालबुंद.

"ड्वेन, सांडपाण्याची नळी न काढताच निघाला होतात ना गेल्या वर्षी? फाटकापर्यंत शिंपण करत गेलात! बसा जाऊन." लोक हसले, तशी ती त्यांच्याकडे वळली. "दात काय काढताय? माझ्या पोरानं बजावलंय, एकटीला जमलं नाही तर ट्रेलर विकणार, आणि मला नेऊन ठेवणार त्याच्या तळघरात. तेव्हा मदत नको. तोंडानंही नको."

ती गाडीत बसली. थोडी मागे, मग उतरून बघायचं, पुन्हा वर. ट्रेलर वाकडा गेला की पुढे काढायचा आणि नव्यानं सुरुवात. मागे खोळंबलेल्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. ओठांतल्या ओठांत ती शिव्या देत होती, पण शेजाऱ्यांना नव्हे, मर्लला. "एकदा तरी चाक हातात दिलंस का रे, मेल्या?"

हार्लन उठला.

"तुम्हीपण?" ती कडाडली.

"नाही, नाही. माझी खुर्ची... तुमच्या वाटेत आहे."

त्यानं खुर्ची मागे ओढली आणि तो दुसरीकडे बघत बसला. आरसा एका झाडाला खरवडला, पण ट्रेलर जागेत बसला. चाकांखाली ठोकळे सारून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "संपला तमाशा. जेवा आता."

ट्रेलर विकला गेला नाही. ती येत राहिली, तशीच धुमसत. शेवटच्या खेपेला ती निघाली तेव्हा पहाटेचं दव गोठलेलं होतं. हार्लन बिचकतच पिकअपच्या खिडकीपाशी गेला.

"ट्रेलरच्या दाराची पायरी बाहेर राहिलीय."

"दिसतंय मला." तिला दिसलेलं नव्हतं. ती उतरली आणि लाथेनं पायरी आत ढकलली. "आणि तुमची खुर्ची पुन्हा माझ्या जागेत आलीय."

"घेतो मागे," हार्लन म्हणाला.