कायदा आला नाही, कुत्री मात्र आली!

जनावरांच्या डॉक्टरकडे किस्से का साठतात, सांगू? आमचा पेशंट बोलत नाही. त्यामुळे त्याच्याबरोबर आलेला माणूस दोघांच्या वाटचं बोलतो! माणसांच्या डॉक्टरला पोट दुखतंय, ताप आलाय एवढंच ऐकायला मिळतं. मला म्हशीच्या तापाबरोबर घरातल्या वाटण्या, सुनेची तक्रार आणि शेजाऱ्याचं भांडणही फुकटात मिळतं.

माझी नोकरी धरणगावच्या सरकारी दवाखान्यात, घर जळगावला. गावातली माणसं आमच्या दवाखान्याला 'ढोरना दवाखाना' म्हणतात आणि मला 'ढोरनी डॉक्टरीण'. माझ्या सासूबाईंना हे अजून पचलेलं नाही. कोणी विचारलं तर त्या नुसतं "डॉक्टर आहे" म्हणतात आणि पटकन विषय बदलतात!

तर अलीकडे किस्स्यांची नुसती रास पडली, ती त्या कायद्यामुळे. म्हणजे कायदा आलाच नाही, फक्त मसुदा आला. कुत्रा पाळायचा तर नोंदणी करा, रेबीजची लस टोचा, दिवसभर आखूड साखळीला बांधू नका, रस्त्यावर सोडून दिलात तर दंड. आणि काही हरकत असेल तर कळवा. पेपरात एवढंच होतं. पण बातमी पेपरातून व्हॉट्सॲपवर गेली आणि तिला शिंगं फुटली. संध्याकाळपर्यंत मेसेज फिरायला लागला, 'घरात कुत्रा सापडला तर मालकाला जेल! पुढे पाठवा!'

लोकांनी इमानदारीत पुढे पाठवला.

*

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर लागला एका आबांचा. डोक्यावर टोपी, हातात काठी, मागे काळा कुत्रा. कुत्रा येऊन थेट आबांच्या पायावर बसला.

"आबा, नाव काय तुमच्या कुत्र्याचं?"

"मोती. पन हाऊ मन्हा नही शे, डॉक्टरबाई!"

"मग कोणाचा?"

"कोनाचाच नही. फक्त आमनाकडे ऱ्हास."

"जेवतो कुठे?"

"आमनाकडे."

"झोपतो कुठे?"

"मन्ही खाटखाले." खाटेखाली झोपतो, पण आबांचा नाही!

आमचे ड्रेसर सुभाषभाऊ गालातल्या गालात हसत लस भरत होते. मी म्हटलं, ठीक आहे, बेवारस तर बेवारस, लस तरी टोचून घेऊ. मोतीला धरलं, सुई टोचली. मोतीनं असा काही गळा काढला की बाहेर बांधलेली बकरी दचकली. आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं आबा ओरडले,

"ओ बाई, हळू! मन्हा लेकरूले दुखी ऱ्हायनं!"

सुभाषभाऊंनी हळूच विचारलं, "आबा, कोणाचं लेकरू म्हणालात?"

आबांनी टोपी सारखी केली. मोतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लिखा मन्हं नाव. जेल तर जेल!"

जेलबिल काही नाही, हे समजावून सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा असा सैल झाला की विचारू नका. जाताना मोतीला म्हणाले, "चाल भो, वाचनूत आपन!" वाचलो रे बाबा आपण!

*

हे झालं गावाकडचं. जळगावात आमच्या बिल्डिंगमध्ये काय वेगळं होतं? वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेला माणूस. त्यांच्याकडे पिवळट रंगाचा लॅब्राडोर, नाव ब्रूनो. मुलगी पुण्याला गेली आणि जाताना ब्रूनोला आई-वडिलांच्या गळ्यात घालून गेली. आता मुलीचा फोन आला की मास्तर आधी ब्रूनोची खबर देतात, मग स्वतःच्या गुडघ्याची.

मेसेज वाचून मास्तर हादरले. त्याच दुपारी दारावर बेल वाजली. दारात खाकी शर्टातला माणूस, हातात मशीन.

त्यानं तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "आमच्याकडे कुत्रा नाही!"

माणूस गोंधळला. तेवढ्यात ब्रूनो आतून आला. बेल वाजली म्हणजे फिरायला जायचं, असं त्याचं गणित. स्वतःचा पट्टा स्वतःच तोंडात धरून आला आणि त्या माणसासमोर शेपूट हलवत उभा राहिला!

"हा... हा पाहुणा आहे," मास्तर म्हणाले.

"कुठून आलाय?"

"धुळ्याहून."

तो माणूस ब्रूनोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, बरं झालं पाहुणे भेटले. मी विजेचं मीटर बघायला आलोय."

हा किस्सा स्वतः मास्तरांनीच खाली येऊन मला सांगितला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्यांना मसुद्यात खरं काय आहे ते सांगितलं, ब्रूनोच्या लसी झालेल्याच होत्या, विषय संपला. पण तेव्हापासून बिल्डिंगमध्ये ब्रूनोला ब्रूनो कोणी म्हणत नाही. वॉचमनसुद्धा सलाम ठोकतो, "नमस्कार, धुळेकर!"

*

मांजरांची गोष्ट निराळी. फैजपूरला माझी एक मावशी आहे. गावातले तिला अक्का म्हणतात. केळीच्या बागा, मोठं घर, आणि घरात मांजरंच मांजरं. तिला कोणीतरी सांगितलं, एका घरात दोनच मांजरं ठेवता येणार. (मसुद्यात मांजरांच्या संख्येचा शब्द नव्हता, पण सांगणाऱ्यानं छातीठोक सांगितलं!)

अक्कानं डोकं लढवलं. तपासणीवाले येऊन जाईपर्यंत दोन मांजरं ठेवून बाकीची गल्लीत वाटून टाकली. एक वाण्याकडे, एक शिंपिणीकडे, एक समोरच्या डॉक्टरकडे. सगळ्यांना सांगितलं, "चार दिवस सांभाळा, मग घेऊन जाईन." मांजरांबरोबर प्रत्येकाच्या आवडीनिवडीही सांगितल्या. ही साय खाते, हिला गरम दूध चालत नाही, हा पंख्याखालीच झोपतो.

रात्री अक्काला झोप लागेना. घर खायला उठलं. सकाळी दार उघडलं तर पायरीवर सगळी मांजरं हजर! वाण्याचंही आलं, शिंपिणीचंही आलं, डॉक्टरकडचंही आलं.

अक्काचा जीव भांड्यात पडला. दूध ओतायला बसली आणि एकदम थबकली. मला लगेच फोन.

"अगं, माझी बठ्ठी, सगळीच्या सगळी परत आली गं!"

"मग चांगलं झालं की, मावशी!"

"चांगलं कसलं? वाण्याची दोन बरोबर घेऊन आलीत!"

*

सगळंच असं हसण्यावारी जात नव्हतं. आमच्या धरणगावच्या बाजारात एक टेलर आहेत, गणेशभाऊ. त्यांच्या पोटरीला दुकानासमोरचं तांबडं कुत्रं चावलं. माणूस पांढराफटक पडला. माणसांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची इंजेक्शनं सुरू झाली आणि कुत्रं आमच्याकडे आणलं. चावलेल्या कुत्र्यावर काही दिवस लक्ष ठेवतात. ते धडधाकट राहिलं तर मनावरचा मोठा भार उतरतो.

गणेशभाऊ रागानं लाल. "मॅडम, लोक म्हणतात कुत्र्यांसाठी कायदा येतोय. माणसांसाठी कधी येणार? मी हरकत घेणार! सगळी कुत्री गावाबाहेर काढा म्हणून लिहून देणार!"

मी म्हटलं, जरूर द्या. पण तोपर्यंत हे कुत्रं ठणठणीत राहू दे म्हणून प्रार्थना करा.

हे वाक्य त्यांच्या मनात कुठे जाऊन बसलं कोण जाणे! दुसऱ्या दिवशी सकाळी गणेशभाऊ हजर, हातात उकडलेली अंडी.

"खातंय ना नीट?"

"खातंय."

"पाणी पितं ना? पाण्याला घाबरत तर नाही?"

"नाही हो, पितंय."

मग रोजचंच झालं. कधी अंडी, कधी दूध-पोळी, कधी बायकोनं मुद्दाम केलेला शिरा. एकदा कुत्रं नुसतं शिंकलं तर हा माणूस भिंतीला धरून उभा राहिला! सुभाषभाऊ म्हणाले, "मॅडम, कुत्र्याचं मला टेन्शन नाही, ह्यांचं आहे."

लक्ष ठेवायचे दिवस संपले. कुत्रं तर चांगलं गुटगुटीत झालेलं. मी सांगितलं, "गणेशभाऊ, काळजी मिटली. तुमची राहिलेली इंजेक्शनं मात्र चुकवू नका." ते बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. त्यांच्या दोन लहान मुली आहेत. इतके दिवस घरात कोणाला कळू दिलं नव्हतं की आतून आपण किती घाबरलोय.

मग उठले, डोळे पुसले, निघाले. तांबडं कुत्रं त्यांच्या मागे. ते थांबले की कुत्रं थांबे, ते चालले की कुत्रं चाले.

पुढे मसुद्यावर बोलायला तालुक्यात लोकांची बैठक झाली, तेव्हा गणेशभाऊ हरकत घ्यायला उभे राहिले. कुत्रं खुर्चीखाली! म्हणाले, "साहेब, सगळ्या कुत्र्यांना लस सक्तीची करा, ही माझी पहिली मागणी. दुसरं असं, की मालकानं कुत्रा कसा पाळायचा ते तुम्ही लिहिलंय. कुत्र्यानं चावून मालक निवडला, तर काय करायचं?"

*

आणि शेवटी वाघ्याचं सांगते.

धरणगावजवळच्या एका खेड्यातले नाना. कापसाची शेती. गेल्या वर्षी बायको गेली. तेव्हापासून नाना आणि त्यांचा कुत्रा वाघ्या, अशी जोडी. एकुलता मुलगा विनोद, चांगला कष्टाळू, स्वतःचा टेम्पो चालवतो. त्यानं तो जेलचा मेसेज वाचला आणि घाबरला. बापाला ह्या वयात पोलीस धरून नेतील, हे त्याच्या डोक्यात बसलं. वाघ्याला टेम्पोत घातलं आणि पारोळ्याच्या पुढे, धुळे रस्त्याला सोडून आला. घरी सांगितलं, पळून गेला.

चार दिवसांनी विनोद माझ्यासमोर उभा. "मॅडम, सोडलेलं कुत्रं परत सापडतं का हो?" आणि सगळं बोलला. मी त्याला मसुद्यातलं खरं सांगितलं. ज्याला घाबरून सोडलं तसं काही नव्हतंच! उलट दंड होता तो सोडून देण्याला. पोरगा म्हणाला, "नाना जेवत नाहीत. रोज गावाच्या वेशीवर जाऊन बसतात. धुळ्याच्या प्रत्येक खेपेला मी, जिथे सोडला तिथे थांबून हाका मारतो. दिसत नाही."

मला मसुद्यावरच्याच डॉक्टरांच्या एका बैठकीला धुळ्याला जायचं होतं. म्हटलं, चल माझ्या गाडीत, दोघं मिळून बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेले तर नानाच कपडे करून ओट्यावर बसलेले. "मीबी येस," मीपण येतो, म्हणाले. कुठे, कशाला, काही विचारलं नाही. नानांना मी काही बोलले नव्हते. विनोदची तर हिंमतच झाली नव्हती.

पारोळं मागे पडलं. विनोद म्हणाला, "मॅडम, इथे जरा हळू घ्या." एक ढाबा झाला, एक पंप झाला. वाघ्या कुठे नाही. मग रस्त्याच्या कडेला पत्र्याची चहाची टपरी लागली. गाडी थांबते न थांबते तोच बाकाखालून एक करडं कुत्रं सुटलं ते थेट नानांच्या छातीवर! नाना तिथेच मातीत बसले. वाघ्या त्यांचं तोंड चाटतोय, टोपी पाडतोय, मधेच धावत विनोदकडे जातोय, परत नानांकडे येतोय. विनोदनं गाडीचं दार धरून ठेवलं होतं. मी दुसरीकडे बघितलं. माझेही डोळे भरून आले होते.

तेवढ्यात टपरीवाली हातात चहाचं गाळणं घेऊन बाहेर आली. धिप्पाड बाई, आवाज असा की ट्रकवाले वळून बघायला लागले.

"थांबा! चार दिन हाऊ आठे उपाशी रडी ऱ्हायंता! मी भाकर टाकी म्हनीसन जगना! आते नवा कायदा ऊनाय, माहीत शे ना? कुत्रं सोडनाराले दंड शे! खरं सांगा, कोनी सोडं याले?"

"मी!" विनोद म्हणाला.

"मी!" नाना म्हणाले.

दोघंही एकाच वेळी. विनोदनं चमकून बापाकडे बघितलं. नाना वाघ्याचे कान खाजवत होते, त्यांनी मान वर केली नाही.

टपरीवालीनं एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा पोराकडे. मग गाळणं खांद्यावरच्या फडक्याला पुसलं आणि स्टोव्हकडे वळली.

"बसा मंग दोन्ही. चहा टाकस."