बापूंची मान

घाबरलेल्या घरात किस्से फार लवकर साठतात. दारात चपला साठतात ना, तसेच. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत बापूंच्या मानेचं कळलं आणि किश्श्यांना ऊतच आला. शेजारीण म्हणून त्यांच्या दारात पहिली चप्पल माझीच असते, त्यामुळे बरेचसे माझ्या देखतचेच आहेत.

बापू जुने पैलवान. तालमीत गेले की मनगट पुढं करायचे. "दाब की, अजून जोरात दाब." दाबणाऱ्याच्या बोटाखाली नाडी सुतळीसारखी टणक लागायची, दबायचीच नाही. बापू खूश. "बघितलंस? ही पैलवानाची शीर." आमच्याकडं ताकद अशीही मोजतात. मीसुद्धा एकदा दाबून बघितली होती आणि घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं होतं, "नाहीतर तुमची, लोण्यासारखी."

* * *

एका संध्याकाळी बापू, म्हशी उभ्या करून दूध विकतात त्या कट्ट्यावर, धारोष्ण दूध प्यायला गेलते. ग्लास तोंडाला लावला आणि म्हणाले, "लाईट गेली काय रं?"

दूधवाला म्हणाला, "न्हाय की बापू, चालू हाय."

"मग ह्या बाजूची तेवढी गेली असंल."

ह्या बाजूची म्हणजे डाव्या डोळ्याची. थोड्या वेळानं दिसायला लागलं, तसं उरलेलं दूध संपवून घरी आले आणि बायकोला, सुशीलावैनींना, गंमत म्हणून सांगितलं. वैनी हसल्या नाहीत. कणकेचे हात तसेच घेऊन माझ्या दारात आल्या.

* * *

डॉक्टरांकडं मीही गेले. वैनींना सोबत नको का?

डॉक्टरांनी आधी मनगट दाबलं. "काका, शीर कडक झालीय."

"तालमीची हाय," बापू म्हणाले.

"हे कौतुकाचं नाही, काका."

मग मानेवर जेली लावून मशीन फिरवलं. पडद्यावर लाल-निळं हलत होतं आणि आवाज येत होता, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फुसफुस होते ना, तसला. तो आवाज बापूंच्या रक्ताचा होता.

डॉक्टर म्हणाले, "नवा रबरी पाईप पाण्याचा धक्का पोटात घेतो. उन्हात वाळलेला पाईप घेत नाही, धक्का तसाच पुढं मेंदूपर्यंत जातो. आणि पाटाला फाटा फुटतो तिथं पाणी घुटमळतं, गाळ बसतो. मानेतल्या शिरेलाही असाच फाटा असतो. तुमचा गाळ तिथं बसलाय. तुकडा सुटून वर गेला तर पॅरालिसिस. गोळी चुकवायची नाही आणि मान कुणाला दाबू द्यायची नाही."

बापूंचं उसाचं रान गडमुडशिंगीला आहे. पाईप, पाट, गाळ, त्यांना सगळं लगेच कळलं. घरी येईपर्यंत मान ताठ धरून होते.

* * *

पण दाढीला गेले. आमचा दत्तू न्हावी दाढी झाली की गिऱ्हाइकाची मान दोन्हीकडं काडकन मोडतो, त्याशिवाय त्याला पैसे घ्यायला बरं वाटत नाही. वैनी मागोमाग धावल्या, पुरुषांच्या सलूनमध्ये बाकावर ठाण मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "दत्तू, ह्यांच्या मानेत गाळ हाय. धक्का लागला तर तिथंच जातील."

दत्तूचा वस्तरा हवेतच थांबला. गाल कसेबसे केले, मग टॉवेल झटकून म्हणाला, "वैनी, गळ्यावरची तेवढी तुम्ही घरी करा."

वैनींचंही धाडस होईना. बापू पंधरवडाभर अर्ध्या दाढीनं हिंडले.

* * *

त्यानंतर गल्लीत जो तो दुसऱ्याचं मनगट दाबायला लागला. आमच्या ह्यांचं मी सकाळ-संध्याकाळ दाबायची. हे वैतागले, "वांगं घेतल्यासारखं दाबून काय बघतीस?"

मऊ लागलं की मला बरं वाटायचं. स्वतःचं मनगट बघायला मात्र माझं बोट काही पुढं होत नव्हतं. आणि मला काय धाड भरलीय? अंगानं काटकुळी, रोज रंकाळ्यावर चालणारी. गल्लीत सगळे "शोभाताईंना बघा" म्हणून माझाच दाखला देतात.

* * *

परवा बापूंची पुन्हा तपासणी होती. तोच आवाज, तीच फुसफुस. डॉक्टर म्हणाले, "वाढलेलं नाही." वैनींनी पदर डोळ्यांना लावला.

बापूंचं समाधान होईना. "डॉक्टर, चांगल्या माणसाचा आवाज कसा असतोय ते तरी ऐकवा. फरक कळाया नको?"

डॉक्टरांनी वैनींकडं बघितलं. वैनी मागं सरकल्या. मग मीच पुढं झाले. "माझा ऐकवा की."

मी आडवी झाले. गार जेली लागली. बापू खुर्ची ओढून कान देऊन बसले.

आवाज आला.

डॉक्टरांनी मशीन थोडं वर सरकवलं, थोडं खाली, मग एका जागी धरून ठेवलं. दुसऱ्या हातानं आवाज बारीक केला. पडद्यावरची नजर काही काढली नाही. वैनींनी माझा हात घट्ट धरला.

बापूंनी मांडीवर थाप मारली.

"ऐकलंसा न्हवं? शोभाताईंचा पण माझ्यासारखाच हाय. म्हंजे माझं नॉर्मलच की!"