माशाच्या कानातला खडा

आमच्या गावचा तलाव मच्छीमार सोसायटीकडे होता आणि त्याची राखण माझ्या बाबांकडे. एका उन्हाळ्यात जाळं टाकलं तर मोठे रोहू जवळपास संपलेले. सोसायटीच्या अध्यक्षानं बाबांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळ्यांसमोर उभं केलं.

"राखणदारच मासे इकून राह्यला," तो म्हणाला.

बाबा नाई नाई म्हणत राहिले. कुणी ऐकलं नाही. राखण गेली, अध्यक्षाचा साळा, त्याच्या बायकोचा भाऊ, राखणदार झाला. पुढच्या वर्षी आई वारली तेव्हा खांदा द्यायलाही माणसं गोळा करावी लागली. मी तेव्हा कॉलेजात होते. हे विसरायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पुढं रसायनशास्त्र शिकून मी नागपूरला एका प्रयोगशाळेत लागले. आमच्या मॅडम माशांच्या कानातल्या खड्यांवर काम करत. माशाच्या डोक्यात तांदळाच्या कणीसारखा पांढरा खडा असतो. मासा वाढतो तसे त्यावर थर चढतात, आणि तो ज्या पाण्यात राहतो त्यातलं स्ट्रॉन्शियम, बेरियम त्या थरांत उतरतं. तलावाचं पाणी वेगळं, नदीचं वेगळं. मॅडम हे समजावत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर अध्यक्षाचं तोंड होतं.

कारण तलावातले रोहू अजूनही गायब होत होते, आणि अध्यक्ष मूल गावच्या बाजारात मोठे रोहू विकत होता. एका बाजाराला मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कुठचे होत भाऊ?"

"वैनगंगेचे. मार्कंड्याच्या डोहातले."

मी बाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी मासे घेतले. मग मार्कंड्याला जाऊन तिथल्या ढिवर मच्छीमारांकडून नदीचे रोहू घेतले, आणि आमच्या तलावातले सोसायटीच्या दोन सभासदांसमोर काढले. मॅडमनी सगळे खडे स्वतः तपासले. बाजारातल्या माशांचे खडे आमच्या तलावाच्या माशांशी जुळले. नदीशी एकही नाही.

तो अहवाल मी सोसायटीच्या बैठकीत वाचला. आधी बाबांना समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"खड्यावरून का समजते?" अध्यक्ष हसला.

"तुमी नदीचे म्हणता न? मंग नदीत कोणतं जाळं टाकलं, कोणासंगं टाकलं, सांगा."

त्याला एकाही माणसाचं नाव सांगता आलं नाही. तेवढ्यात त्याचा साळाच बोलून गेला, "मी एकटा थोडीच काढत होतो?" अध्यक्षाच्या कपाळावर घाम आला. मी तो डोळे भरून पाहिला.

त्याला पदावरून काढलं. मी तेवढ्यावर थांबले नाही, जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात तक्रार दिली. मग एका दुपारी त्याची बायको आमच्या घरी आली.

"बाई, पोरीचं लगन जमून राह्यलं. कोणी आमच्या दारात याले तयार नाई. तक्रार वापस घे."

मी तिला चहा दिला. ती पदरानं डोळे पुसत होती, आणि मला आईच्या तिरडीजवळची रिकामी जागा दिसत होती.

"नाई घेत," मी म्हटलं.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "सोड न आता. काऊन धरून बसली?"

"तुमी सोडा बाबा. मले नाई जमत."

सुनावणीला मी नागपूरहून रजा काढून गेले, आणि पहिल्या रांगेत बसले.